वाहन बदलण्यासाठी बचत : व्याजाविना वाट

सूरह अन्-नहलच्या प्रारंभी अल्लाहने घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख आपल्या देणग्यांमध्ये केला आहे. ही जनावरे स्वारीसाठी आहेत, शोभेसाठीही आहेत, आणि माणसाला ज्यांची आज माहिती नाही अशा वस्तूही अल्लाह निर्माण करतो, असे तेथे सांगितले आहे. आपल्या दारात उभी असलेली मोटार याच न जाणलेल्या वस्तूंपैकी एक आहे, असे अनेक भाष्यकार म्हणतात. सूरह अज्-जुख्रुफमध्ये स्वारीवर बसताना म्हणावयाची दुआ शिकवली आहे. तिचा गाभा असा की, हे वाहन आमच्या ताब्यात देणारा तो पवित्र आहे. आमच्यात तेवढे सामर्थ्य नव्हते. आणि शेवटी आम्हाला त्याच्याचकडे परतायचे आहे. ही दुआ आपल्या मुलांनाही पाठ असते. परंतु ज्या वाहनात बसून आपण ती म्हणतो, ते वाहन कोणत्या पैशाने दारात आले, हा प्रश्न त्या दुआपासून वेगळा काढता येत नाही.

पुणे शहरातील अनेक मुस्लिम कुटुंबांपुढे आज हा प्रश्न उभा आहे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली मोटार थकली आहे. दर दोन महिन्यांनी गॅरेजची चिठ्ठी येते. नोंदणीला पंधरा वर्षे झाली की पुनर्नोंदणी करावी लागते. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. अशा वेळी दुकानदार, मित्र आणि नातेवाईक एकच सल्ला देतात : कर्ज काढा, हप्ते भरत राहा. हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो की दुसरा मार्ग असू शकतो हेच आपण विसरलो आहोत. या पाठात त्या दुसऱ्या मार्गाचा विचार करावयाचा आहे.

गरज किती, हौस किती?

इस्लामी विधिशास्त्राच्या विद्वानांनी, विशेषतः इमाम शातिबी (रह.) यांनी, माणसाच्या हिताच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली 'जरूरियात', म्हणजे ज्यांच्यावाचून धर्म, प्राण, बुद्धी, संतती किंवा संपत्ती धोक्यात येते अशा गोष्टी. दुसरी 'हाजियात', म्हणजे ज्या नसल्यास जीवन चालते पण कष्टाचे होते. तिसरी 'तहसीनियात', म्हणजे ज्यांनी जीवनाला शोभा येते. वाहन खरेदीचा विचार करताना प्रत्येक कुटुंबाने आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे प्रामाणिकपणे ठरवावे.

स्वारगेटजवळ राहणाऱ्या आणि मेट्रोने रोज कामावर जाणाऱ्या दोन माणसांच्या घराची गरज वेगळी. कोंढव्यात राहणाऱ्या, आठवड्यातून दोनदा वृद्ध आईला डायलिसिससाठी नेणाऱ्या घराची गरज वेगळी. दुसऱ्या घरात मोटार निश्चितच 'हाजत' आहे. तरीही त्या घराला चालू स्थितीतील, सुरक्षित मोटार हवी असते. लग्नात चारचौघांनी वळून पाहावी अशी मोटार तिसऱ्या पायरीची वस्तू आहे. आपली अडचण अशी की आपण तिसऱ्या पायरीची वस्तू पहिल्या पायरीचे नाव देऊन खरेदी करतो, आणि मग 'मजबुरी होती' असे म्हणून व्याजाचे समर्थन करतो.

चांगली स्वारी हवीशी वाटणे दोषास्पद नाही. नेक पत्नी, प्रशस्त घर, सज्जन शेजारी आणि सुखकर स्वारी या चार गोष्टी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी माणसाच्या सौभाग्यात गणल्या आहेत, असा आशयाची हदीस इब्ने हिब्बान यांच्या संग्रहात आहे. तेव्हा थकलेल्या गाडीचा त्रास हा खरा त्रास आहे. प्रश्न तो दूर करण्याच्या रीतीचा आहे.

जाबिर (रजि.) यांचा थकलेला उंट

या विषयाशी अगदी जवळची एक घटना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) एका मोहिमेवरून मदिनेकडे परतत होते. त्यांचा उंट थकून गेला होता आणि ते काफिल्याच्या मागे पडले होते. त्यांचे वडील उहुदच्या लढाईत शहीद झाले होते. मागे कर्ज होते आणि अनेक लहान बहिणींची जबाबदारी जाबिर यांच्यावर होती. म्हणजे आजच्या भाषेत, जुने वाहन, कर्ज आणि मोठे कुटुंब अशी त्यांची स्थिती होती.

पैगंबर (स.) त्यांच्याजवळ आले, उंटासाठी दुआ केली आणि उंट वेगाने चालू लागला. मग आपण (स.) तो विकत मागितला. किंमत ठरली. मदिनेपर्यंत उंटावर बसून जाण्याची मुभा जाबिर यांनी मागून घेतली आणि तीही मान्य झाली. मदिनेत पोहोचल्यावर आपण (स.) हजरत बिलाल (रजि.) यांच्याकरवी किंमत तोलून दिली, ठरल्यापेक्षा थोडी अधिकच दिली, आणि उंटही जाबिर यांना परत दिला.

या घटनेतून आपल्या विषयासाठी चार गोष्टी शिकता येतात. जुन्या स्वारीवर असणे ही लाजेची बाब नाही. सहाबांसारखे श्रेष्ठ लोकही काफिल्याच्या मागे राहिले. वापरलेली स्वारी विकत घेणे कमीपणाचे नाही, स्वतः पैगंबर (स.) यांनी ती मागितली. किंमत आणि अट दोन्ही व्यवहाराआधी स्पष्ट झाल्या. आणि अडचणीतील भावाला मदत करताना त्याचा स्वाभिमान जपला गेला. दानाचा हात खरेदीच्या रूपाने पुढे आला. आपल्या समाजात एखाद्याची गाडी बंद पडली की त्याला कर्जाचा पत्ता सांगणारे पुष्कळ भेटतात. जाबिर यांच्या शेजारी येऊन चालणारे थोडे भेटतात.

व्याजाचा हप्ता आणि कर्जाचे ओझे

सूरह अल-बकराच्या 275 ते 279 या आयतींत अल्लाहने व्यापार हलाल आणि व्याज हराम ठरवले आहे आणि उरलेले व्याज सोडून देण्याची आज्ञा केली आहे. व्याज न सोडणाऱ्यांना तेथे अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताकडून युद्धाचा इशारा आहे. इतका कठोर इशारा फार थोड्या पापांच्या संदर्भात आला आहे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार व्याज घेणारा, देणारा, त्याचा लेख लिहिणारा आणि साक्षीदार हे सर्व दोषात सारखेच भागीदार आहेत. म्हणून 'आम्ही व्याज खात नाही, फक्त देतो' हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

साध्या कर्जाबाबतही पैगंबर (स.) सावध असत. नमाजमध्ये आपण (स.) कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत. कोणी कारण विचारले, तेव्हा आपण (स.) समजावले की कर्जात बुडालेला माणूस बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन मोडतो. हप्ता थकलेल्या घरातील वातावरण ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वसुलीचा फोन आला की बाप मुलाला 'अब्बा घरी नाहीत म्हण' असे सांगतो, आणि मुलाचा खोटेपणाचा पहिला धडा त्या मोटारीच्या निमित्ताने घरातच होतो.

हिशेब मांडून पाहू

व्याज हराम आहे ते अल्लाहच्या आज्ञेने. ते स्वस्त पडले असते तरी हरामच राहिले असते. परंतु त्याच्या आज्ञेत आपले हित कसे असते हे आकड्यांतूनही दिसते.

समजा एका कुटुंबाला पाच लाखांची मोटार घ्यायची आहे. द.सा.द.शे. 10 दराने पाच वर्षांचे कर्ज घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 10,620 रुपये येतो. साठ हप्त्यांत एकूण सुमारे 6,37,000 रुपये भरले जातात. त्यांत 1,37,000 रुपये निव्वळ व्याज.

आता दुसरे कुटुंब दरमहा 10,600 रुपये बाजूला ठेवते आणि त्या साठ्यावर दर चांद्रवर्षाला अडीच टक्के जकातही देते. पन्नासाव्या महिन्यात त्याच्या हाती पाच लाख रुपये असतात. या काळात चार वेळा मिळून दिलेली जकात सुमारे 29,500 रुपये होते. म्हणजे जकात देऊनही हे कुटुंब पहिल्यापेक्षा दहा हप्ते आधी मोकळे होते. एकाने सावकाराला 1,37,000 दिले; दुसऱ्याने गरिबांचा हक्क म्हणून 29,500 दिले. सूरह अल-बकराच्या 276व्या आयतीत अल्लाह व्याजाला मिटवतो आणि दानाला वाढवतो असे म्हटले आहे. घरखर्चाच्या वहीतही त्याची एक छटा दिसते.

या हिशेबात दोन अडचणी आहेत हे मान्य केले पाहिजे. चार वर्षांत मोटारींच्या किमती वाढतात, आणि तोवर जुन्या गाडीची दुरुस्ती चालू ठेवावी लागते. पहिल्या अडचणीला उत्तर असे की वाचलेले दहा हप्ते, म्हणजे सुमारे 1,06,000 रुपये, किंमतवाढीसाठी हाती असतात. शिवाय जुन्या गाडीची विक्री किंमत त्यात मिळवता येते, आणि तीन-चार वर्षे वापरलेली मोटार निवडली तर लक्ष्यच लहान होते. दुसऱ्या अडचणीसाठी दरमहा एक लहानशी रक्कम 'गॅरेजची' म्हणून वेगळी ठेवावी, म्हणजे मुख्य साठ्याला हात लावावा लागणार नाही.

बचत करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही

काही भाविक लोक म्हणतात, उद्याची चिंता कशाला, अल्लाह देईल. सूरह यूसुफ या समजुतीचे निराकरण करते. हजरत यूसुफ (अ.स.) यांनी राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना योजनाच दिली : सात वर्षे नेटाने पेरणी करा, खाण्यापुरते थोडे काढून बाकीचे धान्य कणसातच ठेवा, कारण पुढे सात कठीण वर्षे येणार आहेत. उत्पन्न असताना साठवावे, आणि नासणार नाही अशा रीतीने साठवावे, ही त्यातील शिकवण. स्वतः पैगंबर (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे अन्न साठवून ठेवत, असे बुखारीत आले आहे.

मात्र बचत करताना कंजूषपणाही नको. सूरह अल-फुरकानच्या 67व्या आयतीत रहमानच्या दासांचे लक्षण सांगितले आहे की ते खर्च करताना उधळपट्टी करत नाहीत आणि हातही आखडत नाहीत. त्यांची चाल या दोहोंच्या मधली असते. मोटारीसाठी बचत म्हणून आईचे औषध, मुलीचे शिक्षण किंवा कामवालीचा पगार मागे पडत असेल तर ती बचत नव्हे, जुलूम आहे.

पैसा कोठे आणि कसा ठेवावा?

साठा मुदत ठेवीत टाकून व्याजाने वाढवला तर एका दाराने बाहेर काढलेले पाप दुसऱ्या दाराने आत येते. रक्कम चालू खात्यात ठेवता येते. बचत खाते वापरावे लागत असेल तर त्यावर जमा होणारे व्याज स्वतःवर खर्च न करता, पुण्याची अपेक्षा न धरता गरजूंना द्यावे, असे उलमा सांगतात.

आपल्याकडील जुनी रीत म्हणजे भिशी. दहा कुटुंबांनी दरमहा दहा हजार जमा करायचे, चिठ्ठी टाकायची, आणि एकाने लाख रुपये उचलायचे. प्रत्येकाने जितके भरले तितकेच त्याला मिळते. हे परस्परांना दिलेले बिनव्याजी कर्ज आहे आणि बहुतेक उलमांनी त्यास मान्यता दिली आहे. परंतु लिलाव भिशीचा प्रकार वेगळा आहे. तेथे ज्याला घाई असते तो लाखाऐवजी पंच्याऐंशी हजार घेण्यास तयार होतो आणि उरलेले पंधरा हजार इतरांत वाटले जातात. गरजवंताच्या घाईवर मिळालेला तो पैसा व्याजच आहे, मग त्याला 'डिव्हिडंड' म्हणा की आणखी काही. शिवाय अनोळखी संयोजकाच्या मोठ्या भिशीत पैसा बुडण्याचा धोका असतो. अशा व्यवहारांसाठी 1982 चा चिट फंड कायदा आहे, त्याखाली नोंद आहे की नाही हे पाहावे.

तिसरा मार्ग कर्जे-हसना. भाऊ, चुलते किंवा मित्र यांच्याकडून काही रक्कम बिनव्याजी घेतली तर ती लिहून, मुदत ठरवून आणि साक्षीदार ठेवून घ्यावी. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची 282वी, याच लेखाविषयी आहे; नात्यातला व्यवहार म्हणून त्यातून सूट दिलेली नाही. संस्थात्मक प्रयत्नही आपल्या राज्यात झाले आहेत. मुंबईत 1976 साली बैतुन्नसर ही बिनव्याजी तत्त्वावरील सहकारी पतसंस्था निघाली होती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने 2016 मध्ये बिनव्याजी कर्जाचा उपक्रम सुरू केला. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणून मोठ्या दाराची वाट पाहण्यापेक्षा मोहल्ल्यात आणि कुटुंबात लहान दारे उघडणे आपल्या हाती आहे.

विक्रेत्याकडूनच हप्त्याने मोटार घ्यायची असेल तर बहुतेक फुकहांच्या मते रोखीपेक्षा उधारीची किंमत अधिक असू शकते. मात्र करारावेळी एकच किंमत निश्चित व्हावी, आणि हप्ता उशिरा दिल्यास रक्कम वाढेल अशी अट नसावी. 'शून्य टक्के' योजनेत बहुधा विक्रेत्यामागे वित्त कंपनी उभी असते. तिचा करारनामा एखाद्या जाणकार मुफ्तींना दाखवल्याशिवाय सही करू नये.

साठ्यावरील जकात

वापरातील मोटारीवर जकात नाही. मुसलमानाच्या स्वारीच्या घोड्यावर जकात नसल्याची हदीस बुखारीत आहे. परंतु मोटार घेण्यासाठी साठवलेला पैसा म्हणजे मोटार नव्हे. 'हे गाडीचे पैसे आहेत' म्हणून जकात टाळण्याची चूक अनेक घरांत होते. इतर संपत्तीसह तो साठा निसाबाइतका असेल, म्हणजे साडेबावन्न तोळे (612.36 ग्रॅम) चांदीच्या किमतीइतका असेल आणि चांद्रवर्ष पूर्ण झाले असेल, तर बहुतेक उलमांच्या मते त्यावर अडीच टक्के जकात आहे.

भिशीत भरलेली आणि अद्याप न मिळालेली रक्कम आपले येणे आहे. तीही हिशेबात धरावी. भिशी आधी उचलली असेल तर राहिलेले हप्ते आपल्यावरील कर्ज आहे. हनफी मतानुसार ते वजा करता येते. शाफई मतानुसार कर्ज जकातीच्या आड येत नाही. कोकणातून पुण्यात आलेल्या शाफई कुटुंबांनी हा फरक ध्यानात ठेवून आपल्या उलमांना विचारावे.

जुनी गाडी : सांभाळताना आणि विकताना

थांबण्याच्या काळात जुनी गाडी ही अमानत आहे. स्वतःला आणि दुसऱ्याला अपाय होऊ न देण्याची पैगंबरी शिकवण रस्त्यावरही लागू आहे. कात्रज घाटात किंवा नवले पुलाजवळच्या उतारावर निकामी ब्रेक घेऊन उतरणे ही काटकसर नव्हे. ब्रेक, टायर आणि दिवे यांवरील खर्च आधी, टेप आणि सीट कव्हर नंतर. पीयूसी आणि कायद्याने सक्तीचा तृतीय पक्ष विमा चुकवणे म्हणजे शेजाऱ्याच्या श्वासाशी आणि जिवाशी खेळणे होय. गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर बचत पूर्ण होईपर्यंत बस, मेट्रो, रिक्षा किंवा दुचाकी हा मार्ग सन्मानाचाच आहे.

विकतानाची परीक्षा त्याहून मोठी. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर पैगंबर (स.) यांना आतला ओलावा जाणवला. पावसाने भिजलेला भाग वर का ठेवला नाही, असे आपण (स.) विक्रेत्याला विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. किलोमीटरचे मीटर मागे फिरवणे, अपघाताचा पत्रा रंगाखाली झाकणे, गळणाऱ्या इंजिनात घट्ट तेल घालून गिऱ्हाइकाला फेरी मारवणे, ही सर्व ओल्या धान्याचीच रूपे आहेत. बुखारीतील हदीसनुसार विकणारा आणि घेणारा खरे बोलले आणि दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते. लपवले तर बरकत नाहीशी होते. चार वर्षे व्याज टाळून जमवलेल्या हलाल साठ्यात शेवटच्या दिवशी फसवणुकीचे वीस हजार मिसळणे हा केवढा तोटा!

समारोप

व्याजाविना वाहन घेणाऱ्याला थांबावे लागते. ही चार वर्षे वाया जात नाहीत. मुले पाहतात की अब्बा आणि अम्मी वही घेऊन बसतात, जकात काढतात, पाहुण्यांसमोर जुन्या गाडीची लाज बाळगत नाहीत. ते शिक्षण कोणत्याही शोरूममध्ये मिळत नाही. आणि ज्या दिवशी नवी किंवा कोणाची वापरलेली मोटार दारात येईल, त्या दिवशी स्वारीची दुआ म्हणताना त्या कुटुंबाची जीभ अडखळणार नाही.

अल्लाह आम्हा सर्वांना हलाल उपजीविकेवर समाधान देवो, व्याजाच्या फासातून मुक्त करो, आणि अडचणीतील भावासोबत चालण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.

घरातील अभ्यासासाठी प्रश्न

1. आपल्या घरात वाहन जरूरियात, हाजियात की तहसीनियात या पायरीवर आहे? प्रत्येकाने आपले मत कारणासह सांगावे.

2. जाबिर (रजि.) यांच्या घटनेत व्यवहाराच्या कोणत्या अटी आधी स्पष्ट झाल्या?

3. आपण ज्या भिशीत आहोत ती चिठ्ठीची आहे की लिलावाची? लिलावाची असल्यास काय करावे?

4. मागील वर्षी आपल्या साठ्यावरील आणि भिशीतील रकमेची जकात काढली गेली का?

5. आपल्या नात्यात किंवा मोहल्ल्यात कर्जे-हसनाची गरज असलेले कोणी आहे का, आणि आपण किती देऊ शकतो?